कुदळ किती खोल मारायची?

प्रश्न असा होता: “नुकतीच व्हिएतनाम-लाओसची सहल करून आलो. लाओसमध्ये फोन्सावानला बॉम्बच्या टरफलांत कांद्याची पात लावलेली पाहिली. हॉटेलच्या दाराला बॉम्बचेच खांब होते आणि माणसं मात्र हसतमुख. युद्ध संपून पन्नास वर्षं झाली. आता वर्षाला काही डझन लोकच न फुटलेल्या बॉम्बमुळे दगावतात किंवा जखमी होतात, असं वाचलं. मग युद्धाचा परिणाम संपत आला म्हणायला काय हरकत आहे?”

मी मूळचा भोर तालुक्यातला, घरची भातशेती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, वीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर अकरा वर्षं लाओस आणि कंबोडियात स्फोटकं काढणाऱ्या पथकांना तांत्रिक सल्ला देण्याचं काम केलं. बॉम्ब कसा असतो आणि कसा निकामी करतात, हे मला ठाऊक होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शिएंग ख्वांग प्रांतातल्या एका म्हातारीकडे बघताना मिळालं.

ती खाचराचा बांध नीट करत होती. आमच्याकडे कुदळ डोक्यावरून खाली येते आणि मातीत घुसल्याचा थप्प असा आवाज होतो. या बाईची कुदळ गुडघ्याच्या वर उठतच नव्हती. ती माती खणत नव्हती, खरवडत होती, करपलेल्या भांड्याचा तळ खरवडावा तशी. मला वाटलं, वय झालंय. पण शेजारी तिची तरणीताठी सून होती आणि तिचीही तीच तऱ्हा. दुभाष्याने विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, आईने असंच शिकवलं. खाली “बॉम्बी” असतात. जोरात मारलं तर फुटतात.

त्या घरात कुणालाही कधी इजा झालेली नव्हती. ती बाई कुठल्याच यादीत नाही, ना मृतांच्या, ना जखमींच्या. पण तिच्या घराने दोन पिढ्या चार बोटं मातीवर शेती केली. नवं खाचर पाडलं नाही, माशांचं तळं खणलं नाही, चर काढले नाहीत. माझी हरकत आहे ती इथे. तुम्ही फुटलेले बॉम्ब मोजताय. न फुटलेला बॉम्बही रोज काम करत असतो.

आता आकडे, कारण ते माहीत असल्याशिवाय या गोष्टीचा पसारा ध्यानात येत नाही. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार उड्डाणांतून वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमानभर, दिवसरात्र. देशाची तेव्हाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत होती. १९६२च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ ठरलेला असल्यामुळे हे सगळं गुपचूप चाललं. दक्षिणेला हो चि मिन्ह मार्ग, म्हणजे उत्तर व्हिएतनामची दक्षिणेकडे रसद नेणारी वाट, तोडायचा होता, उत्तरेला दगडी रांजणांच्या जार पठारावर पाथेट लाओ या साम्यवाद्यांचं सैन्य होतं. शिवाय उत्तर व्हिएतनामवर टाकायचे राहिलेले बॉम्ब थायलंडच्या तळांवर परतताना वाटेत लाओसमध्ये मोकळे केले जात.

यातले सगळ्यात चिवट म्हणजे क्लस्टर बॉम्ब. मोठं टरफल हवेत उघडतं आणि त्यातून शेकडो छोटे गोळे पसरतात. लाओसवर असे सुमारे २७ कोटी गोळे पडले. त्यातले तीस टक्क्यांपर्यंत फुटले नाहीत असं धरतात, म्हणजे आठ कोटींच्या आसपास. लोक त्यांना बॉम्बी म्हणतात. सर्वांत जास्त सापडणारा प्रकार टेनिसच्या चेंडूएवढा असतो. आत साधारण ८५ ग्रॅम स्फोटक आणि कवचात शेकडो पोलादी गोळ्या. बाहेरच्या बाजूला बारीक पाती असतात. पडताना त्यांच्यामुळे गोळा गरागरा फिरतो आणि त्या फिरण्यानेच आतला खटका सज्ज होतो. फिरणं अपुरं राहिलं, गोळा झाडांच्या फांद्यांत अडकला किंवा पावसाळ्यातल्या भाताच्या मऊ चिखलात पडला, तर तो फुटत नाही. पण खटका अर्धवट सज्ज होऊन बसलेला असू शकतो. पन्नास वर्षांनी गंज खाल्लेला तो गोळा कुदळीच्या घावाने फुटेल की नाही, हे मी तीस वर्षांच्या अनुभवानेही छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून आम्ही त्याला हलवत नाही. आहे तिथेच, वाळूच्या गोण्या रचून, छोटा स्फोट करून उडवतो.

राब भाजणं तुम्हाला माहीत असेल. आम्ही पावसाआधी शेणगोवऱ्या, पालापाचोळा पसरून जमीन भाजतो. लाओसच्या डोंगरात तर अख्खा उतार तोडून जाळतात आणि राखेत भात टोकतात. जमिनीखाली बॉम्बी असेल तर उष्णतेने तो फुटतो. चुलीचंही तेच. नव्या जागी तीन दगड मांडून जाळ केला, भोवती पोरं शेकत बसली आणि खाली वीतभर खोलीवर गोळा. अशा अपघातांत कुणी काही चुकीचं केलेलं नसतं, म्हणून घरच्यांना राग काढायलाही कुणी सापडत नाही.

मुलांचं सांगायलाच हवं. बॉम्बी गोल आहे, हीच मोठी आफत. फ्रेंचांनी जाताना लाओसला पेतांक नावाचा खेळ देऊन ठेवला, लोखंडी गोळे फेकायचा. गावोगावी तो खेळतात. डोंगरात राहणाऱ्या ह्मोंग लोकांच्या नववर्षाला पोरंपोरी एकमेकांकडे चेंडू फेकत उभी असतात. ज्या गावात चेंडू म्हणजे सण, तिथल्या सहा वर्षांच्या पोराला शेतात सापडलेला गोळा उचलू नको हे पटवायचं असतं. शाळेत गाणी, बाहुल्यांचे खेळ, चित्रं, सगळं होतं. उपयोगही होतो. तरी सापडलेली वस्तू घरी आणायची नाही, हे कुठल्या गरीब घरातलं मूल शिकतं?

मोठी माणसं तर जाणूनबुजून हात लावतात. परदेशी पाहुण्यांना हे कळत नाही. “त्यांना धोका समजावून सांगा” असं आम्हाला वरचेवर ऐकवलं जायचं. अहो, त्यांच्याइतका धोका कुणालाच कळत नाही! भंगाराला भाव असतो. भाताचं जुनं कोठार रिकामं आणि नवं पीक यायचं, या मधल्या महिन्यांत माणसं व्हिएतनामहून आलेला स्वस्तातला मेटल डिटेक्टर घेऊन रानात जात. लोखंड विकून तांदूळ. मी एकाला विचारलं होतं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, वाटते, पण ती रोज वाटते आणि भूकही रोज लागते. २००८च्या सुमारास देशात वर्षाला तीनशेच्या आसपास बळी-जखमी होत होते, ते पुढे पन्नासच्या आसपास आले. यात आमच्या कामाचा वाटा आहे, पण भंगारावर आलेला चाप आणि लोकांच्या हातात आलेला दुसरा पैसा यांचाही आहे. आम्ही अहवालांत सगळं श्रेय स्वतःकडे घेतो, ते सोडा.

जखमांविषयी एक फरक नीट लक्षात घ्या. कंबोडियात प्रामुख्याने सुरुंग आहेत. त्यावर पाय पडतो, पाय जातो. लाओसमध्ये बॉम्बी हातात घेतला जातो किंवा कुदळीखाली येतो, म्हणून हात, डोळे, चेहरा जातात. पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पाय बराच आधार देतो. चिखलात, अनवाणी, उकिडवं बसून वावरणाऱ्यांचा विचार करून आपल्याकडे जयपूर फूट घडवला गेला, तो विचार या देशांनाही लागू पडतो. हाताचं तसं नाही. कृत्रिम हाताने चिकट भाताचा घास वळता येत नाही, रोप लावता येत नाही. मला असे लोक माहीत आहेत जे तो हात पेटीत ठेवतात आणि लग्नाला घालतात. लहान मुलाचं आणखी अवघड. ते वाढतं, अवयव वाढत नाही. दर काही महिन्यांनी नवीन बसवायचा, मधेच हाड कातडीबाहेर येऊ पाहतं म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया. व्हिएन्टियानमध्ये कोप नावाचं केंद्र हे काम वर्षानुवर्षं करतंय, अवयव मोफत मिळतो. पण डोंगरातल्या गावाहून तिथे जायचं म्हणजे प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी. पहिल्या इस्पितळाच्या खर्चातच घरची म्हैस विकलेली असते.

लाओसमध्ये बासी नावाचा एक विधी आहे. माणसाच्या अंगात बत्तीस प्राण असतात, भीतीने किंवा आजाराने त्यातले काही भटकायला निघतात, असं ते मानतात. मग नातेवाईक जमतात, त्यांना परत बोलावतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतात, प्राण आत राहावेत म्हणून. मीही कित्येकदा बांधून घेतलाय. एकदा सेपोनच्या बाजूला एका घरात गेलो होतो. घरधनी चाळिशीचा, दोन्ही हात लहानपणी गेलेले. गावातली माणसं एकेक करून आली आणि कोपराच्या वर, दंडाला दोरे बांधून गेली. कुणी क्षणभरही अडखळलं नाही. कुठे बांधायचे हे त्या गावात नवीन नव्हतं.

तुम्हाला दिसलेलं हसू खरंच आहे. “बो पेन न्यांग” हा त्यांचा तोंडातला शब्द, आपल्या “असू दे, चालायचंच”सारखा. पण त्याच लोकांत “खित लाय” असाही शब्दप्रयोग आहे, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे “डोक्यात घेतलंय” म्हणतात ना, तसं काहीसं. जी बाई रात्री झोपत नाही, जिचं अंग दुखतं, जिचं कामात लक्ष नाही, तिला काय झालंय विचारलं की हेच उत्तर मिळतं. आमच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. शिएंग ख्वांगच्या थाम पिऊ गुहेत २४ नोव्हेंबर १९६८ला आसरा घेतलेली ३७४ माणसं एका हल्ल्यात मेली. त्या भागातल्या म्हाताऱ्यांना विमानाचा आवाज आला की बोलता बोलता थांबायची सवय आहे. साधं प्रवासी विमान असतं. ते जाईपर्यंत वाक्य अर्धं राहतं.

आता आमच्या धंद्यातली एक चूक सांगतो. बरीच वर्षं आम्ही यश मोजलं ते हेक्टरमध्ये. किती जमीन साफ केली, एवढंच. त्यामुळे ज्या जमिनीत फारसं काही नव्हतं तीही “साफ” होत राहिली, कारण ती झपाट्याने व्हायची. जिथे खच पडलेला होता, तिथे दिवसाला खोलीएवढा तुकडा व्हायचा. पुढे पद्धत बदलली. आधी गावात बसायचं, लोकांना काय कुठे दिसलं ते विचारायचं, मग चौकोन आखून तपासायचं आणि पुरावा मिळेल तिथेच खणायचं. शेतीसाठी साफ करताना आम्ही २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर खोल जातो. डिटेक्टर वाजला की खिळा आहे, विमानाचा तुकडा आहे की बॉम्बी, हे कळेपर्यंत हातानेच माती बाजूला करायची. पथकांत निम्म्या-निम्म्या मुली असत, कित्येकींचे काका-मामा याच बॉम्बींनी गेलेले. इतकं बारीक, न कंटाळता काम करणारी माणसं मी लष्करातही कमी पाहिली.

२००१-०२मध्ये आपण पाकिस्तान सीमेवर सैन्य उभं केलं होतं, त्या ऑपरेशन पराक्रमनंतर राजस्थान सीमेवरचे सुरुंग काढायच्या कामात मी होतो. ते आमचेच होते, नकाशे हातात होते. तरीही वाळू सरकली की सुरुंग सरकायचे आणि माणसं जायबंदी व्हायची. सीमेवरचा शेतकरी आपल्याच शेताकडे बांधावरून बघत उभा असायचा. नकाशे असताना ही गत. लाओसच्या बाबतीत अमेरिकेने हल्ल्यांच्या नोंदी नंतर दिल्या, पण हवेतून पसरलेला गोळा कुठल्या बांधाखाली गेला हे कुठल्या नोंदीत असणार?

आणि जमीन साफ झाली म्हणजे काम झालं, हाही माझाच भ्रम होता. एका विधवेचं दीड एकराचं खाचर आम्ही साफ केलं, कागदावर अंगठा घेतला, निघून आलो. दोन हंगामांनी गेलो तर जमीन पडीकच. मी जरा चिडूनच विचारलं. ती म्हणाली, तुम्ही यंत्र घेऊन चाललात, यंत्राशिवाय कधी चालला नाहीत. बरोबर होतं तिचं. त्या दिवशी आम्ही सगळे हातात हात घालून, पाय आपटत, ते खाचर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. मग तिने आपली म्हैस आत सोडली. पुढे प्रत्येक गावात जमीन परत करताना आम्ही आधी तसंच चालायला लागलो.

युद्धाने माणसं कशी विखुरली, हा वेगळाच अध्याय आहे. ह्मोंग लोकांतल्या बऱ्याच जणांना सीआयएने पाथेट लाओविरुद्ध लढायला जनरल वांग पाओच्या सैन्यात उभं केलं, शेवटी शेवटी मिसरूड न फुटलेली पोरंही. मे १९७५मध्ये त्या सैन्याचा लाँग तिएंगचा तळ पडला आणि त्यांची मेकाँग ओलांडून थायलंडकडे पळापळ सुरू झाली. छावण्यांत वर्षं गेली, तिथून काही मिनेसोटाच्या बर्फात, काही कॅलिफोर्नियात. काही फ्रेंच गयानातल्या काकाओ गावात, जिथे ते आज भाजीपाला पिकवतात. १९८०च्या आसपास अमेरिकेत आग्नेय आशियातल्या निर्वासितांत, विशेषतः ह्मोंगांत, धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेतच मरू लागले. शंभराहून जास्त. डॉक्टरांनी पुढे हृदयाच्या ठोक्यांतल्या दोषाकडे बोट दाखवलं. ह्मोंग वडीलधारे म्हणत, पूर्वजांना इतक्या लांबचा रस्ता सापडत नाही, मग छातीवर बसणाऱ्या भुतापासून राखणार कोण? माझा प्रांत स्फोटकांचा, यातलं खरंखोटं मी ठरवणार नाही. पण देशोधडीला लागणं हे शरीरालाही कळतं, एवढं मला पटतं. लाओसमध्ये मात्र हरलेल्या बाजूचा आजोबा ज्यांचा, ती घरं त्याचं नाव काढताना आजही आवाज खाली आणतात. बॉम्बी दोन्ही बाजूंच्या शेतात आहेत.

कंबोडियात हा आवाज खाली आणणं भाषेतच शिरलंय. ख्मेर रूज या कट्टर साम्यवाद्यांच्या १९७५ ते १९७९च्या राजवटीत सतरा लाखांच्या आसपास माणसं गेली, देशाचा पाचवा-चौथा हिस्सा. तेव्हाची एक म्हण आहे: सावरीचं झाड लाव. ख्मेर भाषेत सावरीला आणि मुक्याला एकच शब्द, “कोर”. म्हणजे जगायचं तर मुका हो. त्या पिढीने मुकेपण सोडलंच नाही, मुलांसमोरही नाही. मोडलेल्या धैर्याला तिथे “बाक्सबात” म्हणतात आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तो शब्द अभ्यासात घेतला, हे मला फार योग्य वाटतं. परदेशी नाव देऊन बाईला बोलतं करता येत नाही.

सुरुंगांपुरतं बोलायचं तर कंबोडियाची वाट आशादायक होती. १९९६मध्ये एका वर्षात चार हजारांवर माणसं बळी वा जखमी झाली होती, अलीकडे ती संख्या शंभराच्या आत आली. सुरुंग हुंगून शोधणारा मगावा नावाचा आफ्रिकी उंदीर, ज्याला २०२०मध्ये सुवर्णपदक मिळालं, तो इथेच काम करायचा. आणि मग जुलै २०२५मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर तोफा पुन्हा सुरू झाल्या, लाखो लोक घरं सोडून निघाले, नवे सुरुंग पेरल्याचे आरोप झाले. बातमी बघताना मला आमचे तिथले जुने सहकारी आठवत होते.

व्हिएतनाममध्ये तर जखम रक्तात उतरली. १९६१ ते १९७१ अमेरिकेने फवारलेल्या तणनाशकांतलं डायॉक्सिन हे विष, ती साठवली त्या विमानतळांच्या मातीत राहिलं. दा नांगची माती तापवून शुद्ध करायचं काम २०१८मध्ये संपलं, बिएन होआचं चालू आहे. माती भट्टीत घालता येते. अपंग जन्मलेल्या चाळिशीच्या मुलाला अंघोळ घालणाऱ्या सत्तरीच्या आईचं काय, ते तिला एकटीलाच ठाऊक.

मग किती वर्षं लागतील? संख्येने बघाल तर आठ कोटींतले काढलेले बॉम्बी अगदी थोडे आहेत आणि या गतीने शतकही पुरणार नाही. पण प्रत्येक बॉम्बी काढायचाच, असं ध्येय धरणं मला व्यवहार्य वाटत नाही. युरोपात पहिल्या महायुद्धाचे गोळे अजून निघतात. शेत, शाळा, पाणवठा, रस्ता ही क्रमवारी धरली आणि कुणीतरी कायम हाकेला येईल अशी स्थानिक पथकं टिकवली, तर पुष्कळ होईल. पैशाचा भरवसा मात्र नाही. २०१६मध्ये ओबामा व्हिएन्टियानला आले तेव्हा तीन वर्षांत ९ कोटी डॉलर जाहीर झाले. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि पथकं एका रात्रीत थांबली. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २०१०पासून लागू आहे. अमेरिका, रशिया, चीन त्यात नाहीत. आपणही नाही, आणि हे मी सॅपर म्हणून थोडं अवघडूनच सांगतो.

पुन्हा जाणार असाल तर दोन गोष्टी. नापिया गावात युद्धाच्या ॲल्युमिनियमचे चमचे बनवतात, ते घ्यायला माझी ना नाही, पण धातू कुठून आणला ते विचारा. बॉम्बीचं कवच, बंदुकीची काडतुसं असलं काही “आठवण” म्हणून घेऊ नका, कारण तुम्ही घेतलंत की उद्या कुणीतरी ते आणायला रानात जाईल. आणि जार पठारावर जमिनीत बसवलेल्या खुणा दिसतील, अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या. पांढऱ्या बाजूची जमीन तपासलेली आहे. फोटो कितीही चांगला येत असला तरी लाल बाजूला पाय टाकू नका.